कमलाबाई सोहोनी : अन्न, अग्नी आणि मेंदू

धार म्हटले की राजा भोज आठवतो आणि देवास म्हटले की आपल्या सीमाभागातल्या माणसाला कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार क्षयाने आजारी पडले आणि कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली देवासला जाऊन राहिले, ते कायमचेच. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यांच्या मधोमध होळकरांचे इंदूर. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर गेलेली घराणी या पट्ट्यात स्थिरावली. त्यांच्या घरात मराठी टिकली आणि पानात दाल-बाफले आले. माझे आजोळ देवासचे असल्यामुळे ही सरमिसळ मला नवी नाही. याच माळव्याने महाराष्ट्राला दोन विदुषी बहिणी दिल्या, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. थोरल्या दुर्गा भागवत सर्वांना ठाऊक आहेत. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या त्या बाणेदार लेखिका. धाकट्या कमलाबाई शास्त्रज्ञ होत्या. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असा हेतू आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने जीवरसायनाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न एखाद्या प्राध्यापकांना पडेल. कारण साधे आहे. कमलाबाईंनी आयुष्यभर ज्या विषयाचा अभ्यास केला तो विषय मुळात जमाखर्चाचाच आहे. आपण जेवतो ती जमा. शरीर त्या अन्नाचे ज्वलन करून शक्ती मिळवते, तिच्यातून पेशी बांधते, झिजलेले दुरुस्त करते, तो खर्च. या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. आणि या पेढीचा सर्वांत मोठा खातेदार कोण, तर आपला मेंदू.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बेंगळूरला जमशेटजी टाटांच्या दानातून उभी राहिलेली विज्ञानसंस्था, जिला लोक अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तिच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते. मुलीनेही त्याच वाटेने जायचे ठरवले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायन व भौतिक हे विषय घेऊन ती पहिली आली आणि तिने बेंगळूरला अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले नव्हते. अर्ज मुलीचा होता एवढेच कारण. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. वडील आणि काका यांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. तेव्हा ही बावीस वर्षांची मुलगी स्वतः बेंगळूरला गेली आणि कारण सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसून राहिली. देशात सत्याग्रहाचे वारे होते आणि भागवतांच्या घरावर गांधीविचारांचा पगडा होता. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शकांनी सांगितले तर रात्रीही काम करावे लागणार होते आणि तिच्या असण्याने संस्थेच्या वातावरणात बाधा येता कामा नये, अशी तंबी होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण हा अपमान त्या उतारवयातही विसरल्या नाहीत. रामन यांची विज्ञानातली थोरवी यामुळे तसूभरही उणी होत नाही, हे खरे. पण थोर माणसाच्या हातूनही दार लावले जाते, हेही तितकेच खरे.

बेंगळूरला त्यांना गुरू लाभले ते एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्याला घडवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. गरीब माणसाला मांस-अंडी परवडत नाहीत. त्याचे प्रथिन येते ते डाळीतून आणि उसळीतून. तेव्हा त्या डाळीत नेमके काय असते आणि त्यातले अंगी किती लागते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही. १९३५ साली गुरुशिष्येचा कडधान्यांवरचा निबंध इंग्लंडातल्या बायोकेमिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे पुढे मुलींना खुली झाली. आज बेंगळूरच्या त्या संस्थेत ज्या मुली शिकतात, मग त्या घरी मराठी बोलोत की कानडी, त्यांच्या वाटेवरचा पहिला धोंडा या इंदूरच्या मुलीने हलवलेला आहे.

१९३७ च्या डिसेंबरात त्या केंब्रिजला पोहोचल्या. न्यूनहॅम हे मुलींचे कॉलेज त्यांना मिळाले. प्रयोगशाळा मिळाली ती सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. त्यांच्या विभागात स्त्रिया इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ अधिक होत्या. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२१ साली हॉपकिन्स यांनी ग्लुटाथायोन नावाचा एक लहानसा पदार्थ पेशींतून वेगळा केला होता. हा पदार्थ पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या तरुण संशोधकाने आपले टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम करण्याचे कबूल केले. बेंगळूरला जागरणाची अट त्यांच्यावर होती. केंब्रिजमध्ये त्यांच्यासाठी दुसऱ्याने जागरण पत्करले. अर्थात केंब्रिजचेही फार कौतुक करण्याचे कारण नाही. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी आणि सभासदत्व दिले ते १९४८ साली.

रिक्टर यांचे त्या वेळचे काम एका विकराबद्दल होते. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातली एखादी रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारे प्रथिन. भीती वाटली की आपल्या रक्तात अॅड्रेनॅलिन उतरते आणि छाती धडधडते. पण थोड्या वेळाने धडधड थांबते, कारण शरीर त्या अॅड्रेनॅलिनची विल्हेवाट लावते. ती विल्हेवाट ऑक्सिजनच्या साहाय्याने लावणारे एक विकर रिक्टर, ब्लाश्को आणि श्लॉसमान यांनी १९३७ साली दाखवून दिले होते. १९३८ साली कमला भागवत आणि रिक्टर यांचा अॅड्रेनॅलिनच्या ऑक्सिडीकरणाशी निगडित निबंध आला. १९३९ साली भागवत, ब्लाश्को आणि रिक्टर या तिघांच्या नावाने अमाइन ऑक्सिडेज या विकरावरचा निबंध आला. आज याच विकराला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात.

हे नाव जड आहे, पण त्याचे काम आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात चालू आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन अशा पदार्थांच्या द्वारे. निरोप पोहोचला की तो पुसून टाकावा लागतो, नाहीतर पाटीवर पाटी लिहिल्यासारखे होईल. ही पाटी पुसण्याचे बरेचसे काम हे विकर करते. १९५० नंतरच्या दशकात क्षयावरचे एक औषध घेणारे रोगी अकारण आनंदी दिसू लागले. ते औषध याच विकराला अडवते, असे आढळले आणि त्यातून विषण्णतेवरची पहिली औषधे निघाली. पार्किन्सनच्या कंपवातातही हे विकर अडवणारी औषधे देतात. १९९३ साली हॉलंडमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरातल्या काही पुरुषांत जन्मतःच या विकराचा एक प्रकार निकामी होता आणि त्यांची बौद्धिक वाढ काहीशी खुंटलेली व स्वभाव एकाएकी भडकणारा होता. म्हणजे विकर नसेल तर मेंदूची घडण बिघडते. उलट बाजूही आहे. हे विकर प्रत्येक वेळी काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड मागे सोडते. तेच ते, ज्याने जखम धुतात आणि केस पिंगट करतात. थोडे असेल तर पेशी त्याचा बंदोबस्त करते. साचले तर ते पेशीलाच जाळते. स्वतः रिक्टर पुढे मेंदूच्या रसायनशास्त्राकडेच वळले आणि मनोविकारांच्या संशोधनासाठी निधी उभारण्यात १९४९ साली त्यांनी पुढाकार घेतला. कमलाबाईंच्या नावावर मात्र बहुतेक ठिकाणी बटाट्याचाच शोध तेवढा लिहिलेला सापडतो.

बटाट्याची हकीकत अशी. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या. प्राण्यांच्या पेशींत सायटोक्रोम नावाची रंगीत द्रव्ये ऑक्सिजन वापरण्याच्या कामी येतात, हे डेव्हिड कीलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली दाखवले होते. वनस्पतींत ही यंत्रणा कितपत आहे, याचा उलगडा व्हायचा होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना आढळले की वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि ऑक्सिडीकरणात ते भाग घेते. १९३९ साली हिल आणि भागवत यांचे टिपण नेचर या साप्ताहिकात आले. केंब्रिजला पोहोचल्यापासून दीड वर्षाच्या आत, अवघ्या चाळीस टंकलिखित पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आता हे सायटोक्रोम सी करते काय? आमच्या वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर ते पेढीवरचा रोखपाल आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि या देवघेवीत जी शक्ती सुटते ती पेशी साठवून ठेवते. ही पेढी पेशीतल्या तंतुकणिकांत म्हणजे मायटोकाँड्रियांत चालते. शेवटच्या खिडकीच्या अलीकडे उभा राहून इलेक्ट्रॉन मोजून देणारा तो सायटोक्रोम सी. त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. लोह नाही तर रोखपाल नाही, आणि रोखपाल नाही तर पेढी बंद.

मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्के तो एकटा घेतो. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू तर शरीराच्या शक्तीतला चाळीस टक्क्यांच्या वर वाटा उचलतो. त्या वयात मुलाची उंची सावकाश वाढते, त्याचे एक कारण हेच मानतात. सगळी मिळकत डोक्याकडे जात असते.

पण इतकी मोठी उलाढाल म्हटली की गळतीही आलीच. थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला भलत्या ठिकाणी चिकटतात आणि त्यातून मुक्त मूलक नावाचे आततायी कण तयार होतात. ते पेशीतल्या स्निग्ध पदार्थांना, प्रथिनांना, वंशसूत्रांनाही डागण्या देतात. यंत्र वापरले की घसारा येतो, तसाच हा प्रकार आहे. आम्ही घसाऱ्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढतो. पेशीनेही तशी तरतूद केलेली असते. या तरतुदीतले एक मोठे खाते म्हणजे हॉपकिन्स यांचे ग्लुटाथायोन. गळती तरतुदीपेक्षा जास्त झाली की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मेंदूला हा ताण लवकर भोवतो. तो ऑक्सिजन पुष्कळ वापरतो, त्यात सहज जळणारी स्निग्ध द्रव्ये भरपूर असतात आणि त्याची तरतूद मात्र यकृताइतकी भक्कम नसते. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला जी इजा होते तिच्यातला काही भाग श्वास थांबल्याने होतो आणि काही भाग ऑक्सिजन परत येताच उसळणाऱ्या या कणांमुळे होतो.

तरीही हा अग्नी निव्वळ शत्रू नव्हे. १९९६ साली अमेरिकेत शियाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की सायटोक्रोम सी तंतुकणिकेतून बाहेर पडले की पेशी शिस्तीने स्वतःला मिटवून घेते. गर्भातल्या मेंदूत लागतात त्यापेक्षा जास्त पेशी तयार होतात आणि जादा पेशी अशा रीतीने काढून टाकल्या जातात, शिल्पकाराने दगड छिलावा तशा. ज्या उंदरांत ही यंत्रणा मोडली त्यांचे मेंदू बेढब वाढले. म्हणजे बटाट्यात सापडलेला हा रोखपाल वेळ आली की पेढीला कुलूपही लावतो. कमलाबाईंच्या हयातीतच हा शोध लागला.

१९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायन विभाग सांभाळला. नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते अॅक्चुअरी, म्हणजे विम्याचे गणित मांडणारे तज्ज्ञ. कमलाबाई मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. त्या संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले खरे, पण संस्थेतल्या राजकारणापायी ते फार उशिरा मिळाले.

मुंबईत त्यांनी पुन्हा कडधान्ये हाती घेतली. पावटा, वाल, म्हणजे आपल्या कानडी मित्रांचे अवरेकाळू, यांत प्रथिने भरपूर असतात. पण त्याच दाण्यांत पचनाला अडवणारा एक पदार्थही असतो. पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला तो बांधून ठेवतो. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा पदार्थ वालातून आणि डबल बीनमधून स्फटिकरूपात वेगळा केला. १९५५ साली ते काम नेचरमध्ये प्रसिद्ध झाले. वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून खायचे, ही आपल्या आजीची रीत किती शहाणपणाची आहे, ते यावरून कळते. भरपूर शिजवल्यावर या पदार्थाचा जोर ओसरतो. ताटात किती वाढले यापेक्षा अंगी किती लागले याला महत्त्व. प्रथिन अंगी लागले नाही तर ग्लुटाथायोनही पुरेसे बनत नाही, कारण तेही प्रथिनाच्याच तुकड्यांनी बांधलेले असते. प्रथिनांच्या तुटवड्याने ज्या मुलांचे अंग सुजते, त्यांच्या रक्तात ते कमी आढळते.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी हा विषय घेतला आणि अनेक वर्षे चालवला. ताड-माडाचा ताजा रस म्हणजे नीरा. तीत साखर, लोह आणि क जीवनसत्त्व आहे, असे त्यांनी दाखवले. क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह शरीराला अधिक लागू पडते आणि लोह म्हणजे आपल्या रोखपालाचा गाभा. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

हा विषय धारच्या वाचकाला परका वाटणार नाही. धार जिल्ह्याच्या पश्चिमेला, कुक्षीच्या बाजूला, भिल्ल-भिलालांच्या वस्त्या आहेत आणि ताडाची झाडे आहेत. तिथे रस काढण्याची कला आहे, पण प्यायली जाते ती बहुधा ताडी. नीरा आणि ताडी एकाच झाडाची, एकाच मडक्यातली. पहाटे उतरवलेला रस नीरा असतो. ऊन चढले की तो आंबू लागतो आणि त्यात मद्यार्क तयार होतो. मडक्याला आतून चुना लावला, मडके स्वच्छ ठेवले, रस थंड राखला तर आंबणे लांबवता येते. फरक काही तासांचा. पण गरोदर बाईच्या पोटात मद्यार्क गेला तर तो गर्भाच्या मेंदूची घडण बिघडवतो आणि त्याचा एक मार्ग ऑक्सिडीकरणाच्या ताणातूनच जातो. सकाळी जे बाळाला पोसू शकले असते तेच दुपारी त्याला बाधते. प्रयोगशाळेचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांना हे एक मडके दाखवावे.

यावरून कोणी अशी समजूत करून घेऊ नये की नीरा म्हणजे अमृत आहे, किंवा ताण घालवणाऱ्या गोळ्या खाल्ल्या की मेंदू तल्लख होतो. बाजारात अशा गोळ्यांच्या जाहिराती पुष्कळ असतात. आफ्रिकेतल्या मलावी देशात मुलांना अशी ऑक्सिडीकरणरोधक पूड देऊन सूज येणारे कुपोषण टळते का, ते तपासले गेले. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. ते टळले नाही. उपाशी मुलाला चिमूटभर पूड पुरत नाही, त्याला जेवण लागते. लोहाचेही तसेच. कमी पडले तर मेंदूची वाढ खुंटते आणि मोकळे साचले तर तेच मुक्त मूलकांना हवा देते. कमलाबाईंनी एखाद्या चमत्कारी पदार्थाचा कैवार घेतला नाही. नीरा, ताडगूळ, भाताचे पीठ, कडधान्ये असे गावात मिळणारे स्वस्त पदार्थ त्यांनी एकेक करून तपासले आणि कोणते किती पोसते ते मोजून सांगितले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या काम करू लागल्या आणि १९८२-८३ साली तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या लिहीत असत. आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा पाठ करतो. कायद्याच्या वीस वर्षे आधी काही बायका घराघरातून भेसळ तपासत होत्या, हे पाठ्यपुस्तकात नसते. भेसळ ही नुसती पैशाची फसवणूक नव्हे. मध्य भारतातली लाखोळीची डाळ घ्या. ती तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत मिसळली जात आली आहे. दुष्काळात हीच डाळ महिनोन् महिने खाल्लेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडतात. तिच्यातले विष ज्यांनी १९६४ साली वेगळे केले त्यांत बेंगळूरच्या त्याच संस्थेतल्या जीवरसायन विभागाचे शास्त्रज्ञ होते. ते विष मज्जापेशींना प्रमाणाबाहेर चेतवते आणि त्यांची संरक्षणाची तरतूद कमी करते, असे पुढे दिसून आले. मापात पाप केले तर खिसा फाटतो, पण धान्यात पाप केले तर माणूस अपंग होतो.

१९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार केला. उपेक्षेच्या फार वर्षांनी आलेला तो सन्मान होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे.

त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडायचा झाला तर मला दोन नोंदी दिसतात. कुक्षीच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाला वेळेवर डाळ, लोह आणि दूध मिळाले नाही तर त्याचा मेंदू घडायचा तसा घडत नाही. ते नुकसान कोणाच्याच वहीत नोंदले जात नाही. आणि घडलेला, तल्लख मेंदू घेऊन एखादी मुलगी संस्थेच्या दाराशी उभी राहिली आणि ते दार लागले, तर तेही नुकसान कोणी नोंदत नाही. कमलाबाईंनी दुसऱ्या नुकसानीशी झगडून आपली जागा मिळवली आणि ती जागा पहिले नुकसान कमी करण्यासाठी वापरली. दारात बसून राहण्याची वेळ पुन्हा कोणा मुलीवर येऊ नये, आणि मुलांच्या ताटात काय पडते ते कोणीतरी मोजत राहावे, एवढे त्यांचे देणे आपल्यावर शिल्लक आहे. आपल्या महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या मुलींनी, आणि वाणिज्याच्याही, ते आपापल्या परीने फेडावे.